लेवीयपाशी गाडी अडली की काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जानेवारीत पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, उत्पत्ती कादंबरीसारखं झालं, निर्गममध्ये समुद्र दुभंगेपर्यंत रात्री जागून वाचलं, मग निवासमंडपाचे, म्हणजे देवासाठीच्या तंबूचे, खांब, पडदे, कड्या सुरू झाल्या आणि तिसरं पुस्तक लेवीय, त्याच्या तिसऱ्या अध्यायाला पुस्तक जे मिटलं ते मिटलंच. त्यात सासरे म्हणतात हे सगळं येशूने संपवलं, आता वाचायची गरज नाही. ऑफिसमधला मित्र म्हणतो देवाचं वचन आहे ना, मग सगळं पाळायचं. आणि तुम्ही विचारताय की सगळं पाळायचं तर मग लेवीयमध्ये मना केलेली कोळंबी आपण कशी काय खातो. प्रश्न एकदम रास्त आहे, कोळंबीचासुद्धा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पाळक नाही की सेमिनरीत शिकलेली नाही. मराठी शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झाले, पण गेली बावीस वर्षं आमच्या मंडळीत बुधवारचा बायबल स्टडी घेतेय आणि त्यात ही पहिली पाच पुस्तकं पूर्ण अशी चार वेळा घेऊन झाली. त्यामुळे खाली जे लिहितेय ते बऱ्याच चुका करून झाल्यावरचं आहे, त्यातली एक चूक पुढे सांगतेच.

मला वाटतं तुमची अडचण कंटाळा ही नाहीये. निवासमंडपाची मापं वाचून कुणालाही झोप येते, मलाही येते. अडचण अशी आहे की गोष्ट वाचताना आपण आपोआप आत शिरतो, योसेफाला भावांनी विकलं की आपल्याला राग येतो, त्यासाठी कुणी शिकवावं लागत नाही. नियम आला की मात्र आपण एकदम दारात उभे राहून विचारतो, हा मला लागू आहे का नाही, हो की नाही एवढं सांगा. तुमचे सासरे आणि तुमचा मित्र दोघंही हेच करतायत, फक्त एकाचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो. माझ्या मते हा प्रश्न चुकीचा नाही पण तो तिसरा प्रश्न आहे, तुम्ही तो पहिला विचारताय म्हणून गाडी अडतेय. पहिला प्रश्न, हा नियम गोष्टीच्या कुठल्या वळणावर आलाय. दुसरा, हा नियम कुणाच्या बाजूने उभा आहे, म्हणजे तो नसता तर मार कुणाला बसला असता. ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय ‘मग मी काय करू’ला हात घालू नका.

आता हेही मान्य करते की उत्तर तुम्ही कोण आहात त्यावर अवलंबून आहे. ज्यू माणसासाठी ही पाच पुस्तकं म्हणजेच तोरा, त्याच्या परंपरेत त्यातल्या आज्ञा ६१३ मोजल्यात आणि त्या जुन्या करारातल्या वगैरे नाहीत, चालू आहेत. ख्रिस्ती माणूस त्याच ओळी येशूच्या नंतर वाचतो. आणि ज्याला फक्त इतिहास म्हणून वाचायचंय त्याला ह्या पुस्तकांत कुठला थर कुठल्या काळातला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटेल, अभ्यासक त्यावर दीडशे वर्षं भांडतायत. तुम्ही मंडळीत जाणारे आहात असं प्रश्नावरून दिसतं, म्हणून मी त्या बाजूने लिहितेय. बाकीच्यांनी आपापली भर घालून वाचावं.

गोष्टीच्या वळणाचं आधी. दहा आज्ञा निर्गमच्या विसाव्या अध्यायात आहेत, पण त्यांची सुरुवात आज्ञेने होतच नाही. आधी देव सांगतो की तुला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामीतून बाहेर काढणारा तो मी. सोडवून आधी आणलं आणि नियम नंतर दिले, नियम पाळा मग सोडवतो असं नाही. हा क्रम डोक्यात बसला की अर्धं काम झालं. हे इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या विटा पाडत होते, सुट्टी नाही, स्वतःचा वेळ नाही, स्वतःची जमीन नाही. आता त्यांना गुलाम नसलेल्यांसारखं जगायला शिकायचंय आणि त्यांना माहीत असलेला मालक एकच, मिसरचा राजा फारो. म्हणून बघा, शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घ्यायची, आज्ञा दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं. निर्गम २० मध्ये कारण, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. पाचवं पुस्तक अनुवाद, त्याच्या पाचव्या अध्यायात कारण, तू मिसरात दास होतास ते आठव, म्हणून तुझ्या दासालाही आणि दासीलाही सुट्टी. म्हणजे ‘तू फारो होऊ नकोस’ असंच सांगणं झालं की.

आणि लेवीय कुठे आहे ते बघा. निर्गमच्या अगदी शेवटी मंडप बांधून होतो, देवाचं तेज त्यात भरतं आणि त्यांचा पुढारी मोशे, त्यालाही आत जाताच येत नाही. एवढा खटाटोप करून घर बांधलं आणि आत पाऊल टाकता येईना. लेवीयच्या पहिल्या ओळीत देव मंडपातून मोशेला हाक मारतो, म्हणजे मोशे अजून बाहेरच. मग पुढचं पुस्तक गणना, त्याची पहिली ओळ काढा, तिथे देव मोशेशी मंडपात बोलतोय. दोन ओळींत ‘तून’ आणि ‘त’ एवढाच फरक, आणि मधलं सगळं लेवीय म्हणजे बाहेरचा माणूस आत कसा गेला ह्याचं उत्तर. ही अर्पणं, धुणं, शुद्ध-अशुद्ध सगळं त्यासाठी आहे. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर मी लेवीय इतकी वर्षं टाळलं नसतं.

पाचव्या पुस्तकाच्या नावाचा पण एक घोळ आहे. ‘अनुवाद’ म्हटलं की आज आपल्याला भाषांतर वाटतं, माझ्या ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या मुलाला खरंच वाटलं होतं की हे पुस्तक कशाचं तरी ट्रान्सलेशन आहे. जुना अर्थ, एकदा सांगितलेलं मागून परत सांगणं. चाळीस वर्षं झाली, मिसरातून निघालेली पिढी रानात संपली, आणि मवाबच्या मैदानात म्हातारा मोशे त्यांच्या मुलांना सगळं परत सांगतोय. शब्द तेच नाहीत, श्रोते बदललेत म्हणून सांगणं बदललंय. म्हणजे नियम नव्या पिढीला कसा लावायचा ह्याचा पहिला धडा ह्या पाच पुस्तकांच्या आतच आहे.

आता एक नियम नीट हातात घेऊ, नाहीतर हे सगळं हवेत राहील. लेवीय १९ आणि अनुवाद २४ मध्ये आहे की पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापू नको, पडलेला सरवा वेचू नको, आणि एखादी पेंढी शेतात विसरलीस तर ती आणायला परत जाऊ नको, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. शहरातल्या मुलांना सरवा शब्द माहीत नसतो. मी नगर जिल्ह्यातली, आमच्याकडे भुईमूग काढून झाला की बायका त्या शेतात सरवा वेचायला जायच्या, माझी आईसुद्धा गेलीय. मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या, दिवसभर वाकून पायलीभर झाल्या तर नशीब. काही शेतकरी येऊ द्यायचे, काही काठी घेऊन बांधावर उभे. आई एकच सांगायची की सरवा वेचायला लाज नाही, मागायला लाज आहे. मला ह्या नियमाचा अर्थ कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वाक्यातून जास्त कळला, कारण नियमात मालकाने टोपली भरून दारात नेऊन द्यायची नाहीये. त्याने फक्त थोडं सोडायचंय आणि बाजूला व्हायचंय. वेचणारी तिच्या हाताने, तिच्या कष्टाने घेणार, कुणाला थँक्यू म्हणायची गरज नाही. पुढे रूथ नावाच्या परदेशी विधवेची अख्खी गोष्ट ह्या एका नियमावर उभी आहे.

हे ग्रुपमध्ये घेतलं तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच, आमच्याकडे शेत कुठाय. इथे घाई केली की उत्तर येतं ‘उरलेलं अन्न गरिबांना द्या’, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत आलंच. आमच्यात एक बाई खानावळ चालवतात, त्या म्हणाल्या ताई तसं नाही, उरलेलं म्हणजे माझं पोट भरल्यावरचं, सरवा म्हणजे मोजायच्या आधीच सोडलेलं. ह्यावर आम्ही दोन बुधवार घालवले. शेवटी त्यांनी काय केलं तर त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना शिल्लक पोळ्या बांधून द्यायच्या त्या बंद केल्या आणि तवा खाली उतरवण्याच्या आधी, पहिल्या पोळ्यांतल्या दहा मावशींनी स्वतः काढून न्यायच्या असं ठरवलं. लांबून बघणाऱ्याला ह्यात काय फरक असं वाटेल. मावशींना विचारा.

त्याच अनुवाद २४ मध्ये अजून बरंच आहे, एका बैठकीत वाचून बघा. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नको, कारण ते माणसाचं जगणंच गहाण घेणं झालं. कर्ज दिलंस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आणून देईल. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर, तो झोपणार कशावर. मजुराची मजुरी त्याच दिवशी दे, त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. आता हे ‘लागू आहे का नाही’ असं विचारा बरं, प्रश्नच विचित्र वाटतो ना. दारात येऊन शेजाऱ्यांसमोर ओरडणारे वसुलीवाले ज्यांनी पाहिलेत त्यांना ‘घरात शिरू नको, बाहेर उभा राहा’ समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ग्रुपमध्ये मजुरीच्या ओळीवर एक सद्‌गृहस्थ गप्प झाले, नंतर कळलं की घरकामाच्या ताईंचा पगार ते दर महिन्याला दहा तारखेपर्यंत लांबवायचे, उगाच, पैसे असूनसुद्धा. त्यांना मी काही बोलले नव्हते.

नियमापासून आजच्या जगण्यापर्यंत कसं जायचं ह्याचा नमुनाही शास्त्रातच आहे. अनुवाद २५ मध्ये एका ओळीचा नियम, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. खळ्यावर पात धरलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना माहितीये, बैल धान्यात तोंड घालतो म्हणून मुसकं बांधायची आपल्याकडेही पद्धत होती. येशूचा प्रेषित पौल हा नियम करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात घेतो आणि म्हणतो की जो काम करतो त्याला त्या कामातला वाटा मिळाला पाहिजे. बैलावरून माणसावर. तो ‘आमच्याकडे बैल नाही, विषय संपला’ असं म्हणत नाही आणि ‘सगळ्यांनी बैल पाळा’ असंही म्हणत नाही. नियम कुणाच्या बाजूने आहे ते बघतो, राबणाऱ्या तोंडाच्या, आणि मग त्याच्या काळातलं राबणारं तोंड शोधतो. मी जी पद्धत सांगतेय ती काही माझी नाही, ती एवढीच आहे.

आता माझी चूक. लेवीय १५, स्राव आणि पाळीचा अध्याय. पहिल्यांदा घेतला तेव्हा मी तो ‘हायजीन’ म्हणून उरकला. देवाला त्या काळात आरोग्याची काळजी होती, रानात पाणी कमी, वगैरे वगैरे, हे स्पष्टीकरण ऐकायला छान वाटतं. ग्रुपमध्ये एक नवीन लग्न झालेली मुलगी होती, ती म्हणाली आमच्याकडे पण सासूबाई हायजीन म्हणूनच बाजूला बसवतात. आणि पुढच्या बुधवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी जाऊन तो अध्याय पहिल्यांदा नीट वाचला, वीस मिनिटं लागली असतील. अध्याय सुरू होतो पुरुषाच्या आजारी स्रावापासून, मग पुरुषाचा नेहमीचा, मग बाईचा नेहमीचा, मग बाईचा आजारी. आरशासारखी रचना, दोघंही अशुद्ध होतात. नेहमीच्या पाळीला कुठेही पाप म्हटलेलं नाही, त्यासाठी कुठलं अर्पणही सांगितलेलं नाही. आणि शेवटी कारण दिलंय ते मंडपाचं, जीवनाचा देव ज्या जागेत राहतो तिथे रक्त आणि वीर्य वाहत असताना, म्हणजे जन्म-मरणाच्या काठावर असताना जायचं नाही. स्वयंपाकघराचा विषयच नाही. आणि मंडळीत बसलेल्यांनी तर हे वाचून लगेच नव्या करारातलं मार्क ५ काढावं, बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते, आणि तो तिला मुली म्हणून हाक मारतो. मी त्या मुलीच्या घरी गेले, माफी मागितली. ती पुढे परत आली पण वर्षाने. तेव्हापासून मी कुठल्याही नियमाला ‘त्यामागे सायन्स आहे’ असं कारण चिकटवत नाही. व्हॉट्सॲपवर तसले मेसेज फिरतात, तुम्हालाही येत असतील, सोडून द्या.

कोळंबी राहिली. लेवीय ११ मध्ये पाण्यातलं फक्त पंख आणि खवले असलेलं चालतं, कोळंबीला दोन्ही नाहीत, म्हणजे नियम स्पष्ट आहे. हा नियम इस्राएल लोकांना रोजच्या ताटात बाकीच्या राष्ट्रांपासून वेगळं ठेवणारा आहे, अध्यायाच्या शेवटी तसं म्हटलंयच, मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. ही वेगळेपणाची भिंत नव्या करारात मुद्दाम पाडली जाते, मार्क ७ मध्ये, मग प्रेषितांची कृत्ये १० मध्ये येशूचा शिष्य पेत्र ह्याच्या दृष्टान्तात, आणि १५ मध्ये यरुशलेमच्या बैठकीत ठरतं की परराष्ट्रीयांवर मोशेच्या नियमशास्त्राचं पूर्ण जू ठेवायचं नाही. म्हणून आपण खातो. पण ही भिंत फालतू होती असं समजू नका. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, बघा, शेकडो वर्षं गावात तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांचं नावच ‘शनवार तेली’ पाडलं. मांस आणि दूध एकत्र नको, म्हणून रश्श्यात नारळाचं दूध. इतर ज्यूंपासून इतकं लांब, चहूबाजूला दुसरे धर्म, तरी ते कोण आहेत हे विसरले नाहीत ते ह्या ताटातल्या आणि वारातल्या नियमांमुळे. पुण्यात लाल देऊळ आहे, १८६७ सालचं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याच्यावरून जाताना मला लेवीय ११ आठवतं. तोरा ५४ भागांत वाटून दर आठवड्याला एक वाचायचा आणि वर्ष संपलं की त्याच दिवशी उत्पत्तीपासून परत सुरू, ही ज्यूंची पद्धत. लेवीय लागलं म्हणून कुणी पुस्तक मिटत नाही, कारण पुढचा आठवडा येणारच असतो.

सगळंच असं उलगडतं असं मात्र समजू नका. गणना ३१ मधली मिद्यानी लोकांची कत्तल, अनुवाद २० मधली शहरं नष्ट करायची आज्ञा, दास ठेवण्याचे नियम, हे मला चारही वेळा जड गेलं. जुन्या जगाशी ताडून बघता येतं, म्हणजे बाबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्यात, इसवी सनापूर्वी १७५० च्या आसपासचा, डोळ्याबद्दल डोळा आहे पण तो बरोबरीच्या माणसासाठी, सामान्याचा डोळा गेला तर चांदी देऊन मिटतं. निर्गम २१ मध्ये मालकाने दासाचा डोळा फोडला, दातसुद्धा पाडला, तर दास मोकळा. फरक आहे, मोठा आहे. पण तरी दास आहेच ना. मी ग्रुपमध्ये सरळ सांगते की हे मला पचत नाही आणि मी ह्या पानावरून उडी मारत नाही. कुणी फार गुळगुळीत उत्तर दिलं तर जरा सावध राहा. आणि त्याच गणनामध्ये सत्ताविसावा अध्याय वाचा, सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला वतन द्या. मोशेकडे उत्तर नसतं, तो देवाला विचारतो, आणि देव म्हणतो मुली बरोबर बोलतायत. नियम तिथल्या तिथे बदलतो. प्रश्न विचारणाऱ्याला ही पुस्तकं हाकलत नाहीत.

आता प्रॅक्टिकल. उत्पत्तीपासून अनुवादापर्यंत १८७ अध्याय आहेत, पहिल्या फेरीत सगळे वाचायचा हट्ट सोडा. आपल्याकडे पारायण असतं तसं ओळ न सोडता वाचण्यातही अर्थ आहे, पण ते अभ्यासानंतर करा. तुमचं उत्पत्ती झालंय. निर्गमही झालंय, त्यातलं ३२ ते ३४ तेवढं परत वाचा, सोन्याचं वासरू, आणि चाळिसावा अध्याय. लेवीयमधले फक्त १६, १९, २३ आणि २५. गणना ११ ते १४, मग २० ते २७, बलामाची गाढवी तिथेच आहे, मजा येईल. मग अनुवाद पूर्ण, ते मोशेचं भाषण आहे, मोठ्याने वाचलं तर फार चांगलं. हे साधारण तीन महिन्यांत होतं. त्यानंतर लेवीय १ ते १५ ला परत या, तेव्हा तेच पुस्तक वेगळं लागेल.

वहीत दोन पानं समोरासमोर घ्या, डावीकडे काय लिहिलंय, कुठल्या वळणावर, कुणाच्या बाजूने. उजवं पान, मी काय करणार, ते त्या दिवशी कोरंच ठेवा. आठवड्याने भरा. माझा अनुभव, आठवड्याने लिहिलेलं छोटं असतं आणि होतं, त्याच दिवशी लिहिलेलं मोठं असतं आणि होत नाही. आणि दोन भाषांतरं जवळ ठेवा, बायबल सोसायटीचं जे मंडळीत वापरता ते आणि जमलं तर पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं, १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम पूर्ण होतं, छापून १९२४ ला आलं. काही ठिकाणी वाक्य ओबडधोबड लागतं पण एखादा शब्द दोन्हीकडे वेगळा दिसला की तिथे थांबायचं, काहीतरी सापडतं.

सासऱ्यांशी वाद घालू नका, त्यांना अनुवाद ८ वाचून दाखवा आणि विचारा की येशूने रानात सैतानाला तिन्ही वेळा कुठल्या पुस्तकातलं उत्तर दिलं. तिन्ही अनुवादातली आहेत. मित्राला लेवीय २५ द्या, पन्नासाव्या वर्षी सगळ्या जमिनी मूळ मालकाला परत, योबेल. सगळं पाळायचं म्हणतोय ना, त्याचे दोन फ्लॅट आहेत असं तुम्हीच लिहिलंय.